इमाम कोणाचा चाकर?

गेल्या आठवड्यांत आमच्या एका वाचकाचें पत्र आमच्या हातीं आलें. गृहस्थ धंद्यानें शिंपी, तालुक्याच्या गांवीं राहणारे, मुसलमान समाजांतले. त्यांच्या मशिदीच्या इमामास विश्वस्तांनीं एका शुक्रवारीं रजा दिली आणि रविवारीं संध्याकाळपर्यंत खोली मोकळी करावयास लाविली. बायको, दोन मुलें, एक पेटी आणि पुस्तकांचें गाठोडें घेऊन तो मनुष्य रात्रीं एस. टी. च्या स्टँडवर बसला होता, असें पत्रांत आहे. नऊ वर्षें त्यानें तेथें नमाज पढविली, पोरांना अक्षरें शिकविलीं, कोणाच्या घरीं मयत झाली तर रात्रीं दोन वाजतां उठून गेला. अपराध एवढाच कीं, जुम्याच्या बयानांत तो म्हणाला, कर्ज काढून पांचशें पानांची जेवणावळ घालणें आणि मुलीच्या बापाकडून गाडी मागणें हें धर्मांत कोठेंही सांगितलेलें नाहीं. त्याच महिन्यांत एका विश्वस्ताच्या घरचें लग्न होतें. बोलणें आपल्यालाच लागू आहे असें त्या विश्वस्तास वाटलें, आणि कदाचित् तें होतेंही.

पत्रलेखक विचारतात कीं, इमामानें नमाज पढवावी आणि बाकी गप्प बसावें, असें जें विश्वस्तांचें म्हणणें आहे तें बरोबर आहे काय? दुसऱ्या बाजूची हकीगत आम्हांस ठाऊक नाहीं, म्हणून गांवाचें किंवा कोणाचेंही नांव आम्ही छापीत नाहीं. परंतु प्रश्न त्या एका गांवाचा नाहीं, म्हणून त्याचें उत्तर येथें उघड देणें आम्हांस भाग वाटतें.

आमच्या कुणबी, माळी, सुतार वाचकांपैकीं कोणी म्हणेल, मशिदींतल्या भांडणाशीं आपला संबंध काय? संबंध जुना आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांच्या रांगेंत खळ्यावर आपला वांटा घ्यावयास मुलाणाही उभा राहत असे. बलुतेदारांची यादी गांवोगांव थोडी बदलते. पण ग्रँट डफनें मराठ्यांचा इतिहास लिहितांना गांवच्या कामगारांत मुलाण्यास धरलें आहे, आणि आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गांव-गाडा' या पुस्तकांतही तो आहे. मशिदीची व पिराची दिवाबत्ती करावी, मुसलमान घरचा निका लावावा, मयतीचें सर्व पाहावें, हें त्याचें काम. आणि देवाला बकरें द्यावयाचें झालें तर मराठ्याच्या दारींही सुरी तोच चालवी. मुलाण्याच्या हातचें नसेल तर मटण न खाणारीं मराठ्यांचीं घरें कित्येक गांवीं होतीं. तेव्हां गांवचा इमाम हा तुमच्याच खळ्यावरचा मनुष्य होता, कोणी परका नव्हता.

पण त्या जुन्या काळाचे गोडवे गावयास आम्ही बसलों नाहीं. बलुतेदारी म्हणजे काय हें सुताराला विचारा, न्हाव्याला विचारा. काम आधीं, दाणा मागून, आणि पाटलाची मर्जी फिरली कीं सूपही आंखडतें. बलुतें गेलें, खळीं गेलीं, मळणीला यंत्र आलें. पण इमामाच्या कपाळचें बलुतेंपण मात्र गेलें नाहीं. पाटलाच्या जागीं मशिदीचा विश्वस्त आला, एवढाच फरक.

धर्माच्या मुळाकडे पाहिलें तर चमत्कारिक वाटतें. इमाम म्हणजे पुढें उभा राहणारा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. सुन्नी मुसलमानांत, आणि आपल्या मुलखांतले बहुतेक मुसलमान सुन्नीच आहेत, इमामाची जात नाहीं, त्याला दीक्षा नाहीं, जानवें नाहीं. ज्याला कुराण चांगलें येतें त्यानें पुढें व्हावें, बाकीच्यांनीं मागें रांग धरावी. मक्केहून मदिनेकडे प्रथम निघालेली मंडळी कुबा येथें उतरली, तेव्हां त्यांची नमाज सालिम नांवाचा एक मुक्त झालेला गुलाम पढवीत असे, असें हदीसच्या ग्रंथांत नमूद आहे. कारण सर्वांत जास्त कुराण त्यालाच येत होतें. मागच्या रांगेंत कुरेशांच्या कुळांतले लोक उभे असत. निक्याचेंही तसेंच. वर-वधूचा होकार, दोन साक्षीदार आणि मेहर ठरला कीं निका होतो. १८८० च्या काजी कायद्यांत तर इंग्रज सरकारनें स्पष्टच लिहून ठेविलें कीं, या कायद्यानें काजीला न्यायाधीशाचा अधिकार मिळत नाहीं आणि त्याच्यावांचून लग्न अडत नाहीं. ग्रामजोशानें लग्न लावण्याचा हक्क वतन म्हणून कोर्टांत मागितला, त्या झगड्याच्या गोष्टी ज्यांच्या घरांत अजून सांगतात, त्यांना या वाक्याची किंमत कळेल. देव आणि मनुष्य यांच्यामध्यें दलाल नको, हें जोतीराव फुल्यांनीं आपल्याकडे सांगितलें. महंमदावर त्यांनीं काव्य रचिलें तें कांहीं उगीच नव्हे.

मग असें असतां इमामाचें वतन कोठून आलें? आलें आहे खरें. दिल्लीच्या जामा मशिदीची शाही इमामत शहाजहानच्या काळापासून एकाच घराण्यांत बापाकडून मुलाकडे चालत आली. २०१४ सालीं तत्कालीन इमामांनीं आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलास नायब इमाम नेमण्याचा समारंभ केला, तेव्हां दिल्लीच्या हायकोर्टानें त्या समारंभास कायद्याचा आधार नाहीं असें सांगितलें. समारंभ झालाच, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत तोच मुलगा शाही इमाम झाला. तो विद्वान असेल, नसेल. आमचा वाद त्याच्याशीं नाहीं. कुलकर्ण्याचा मुलगा कुलकर्णी आणि जोशाचा मुलगा जोशी, हें जर आम्हीं चुकीचें म्हटलें, तर इमामाचा मुलगा इमाम हें बरोबर कसें म्हणावें? सालिमचें उदाहरण ज्या धर्मांत आहे त्या धर्मांत तर नाहींच.

एका टोंकाला असा शाही इमाम आणि दुसऱ्या टोंकाला एस. टी. च्या स्टँडवर बसलेला इमाम. दुसऱ्या टोंकाची गर्दी फार मोठी आहे. आपल्या इकडच्या कित्येक गांवीं हा मनुष्य बिहारांतून किंवा उत्तर प्रदेशांतून येतो. विणकराचा, मजुराचा, लहान शेतकऱ्याचा पोरगा. घरीं खायला नाहीं म्हणून सात-आठ वर्षांचा असतांना मदरशांत टाकिलेला. तेथें जेवण फुकट, शिक्षण फुकट. शिक्षण कोणतें? अठराव्या शतकांत लखनौच्या मुल्ला निजामुद्दीन यांनीं जो पाठ लावून दिला, तोच थोड्याबहुत फरकानें आजही चालतो. व्याकरण, तर्कशास्त्र, धर्मशास्त्र. ज्या काळीं तो घडविला त्या काळीं तो चांगला होता. त्यांतून सरकारी कारभार चालविणारे लोक निघत. पण आज त्यांतून निघालेला तरुण गांवांत येतो तेव्हां त्याला सातबारा वाचतां येत नाहीं, रेशनकार्डाचा अर्ज भरतां येत नाहीं, आणि मराठी तर बहुधा नाहींच. पगार पत्रलेखकाच्या गांवीं आठ हजार होता. पांच वेळां हजर राहावयाचें, सकाळीं पोरांचा वर्ग, आणि मशिदींतला झाडूही बहुतेक त्याच्याच हातीं. रोजंदारीच्या गवंड्यास याहून जास्त मिळतें, आणि गवंड्यास संध्याकाळीं घरीं जातां येतें.

पगाराचा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, हें फार थोड्या वाचकांस ठाऊक असेल. इमामांच्या संघटनेनें फिर्याद केली. वक्फ मंडळांनीं कोर्टांत काय म्हणावें? इमामाचें काम ही धर्माची सेवा आहे, ती मानाची गोष्ट आहे, तिला पगार कसला! मंडळाच्या दुकानांचें भाडें मात्र मानाचें नव्हे, तें रोख. १३ मे १९९३ रोजीं कोर्टानें तें म्हणणें झिडकारलें आणि वक्फ मंडळांनीं आपल्या मशिदींच्या इमामांस पगार देण्याची योजना करावी असा हुकूम दिला. त्यावर आजही वाद आहे. २०२२ सालीं केंद्रीय माहिती आयोगानें तो निकालच घटनेला धरून नाहीं असें मत दिलें. आणि योजना जेथें झाली तेथेंही पगार महिनोगणती थकतात, हें दिल्लीच्या इमामांनीं रस्त्यावर येऊन सांगितलें आहे. शिवाय खेड्यांतल्या बहुतेक मशिदींना मंडळाचा पैसा मिळतच नाहीं. तेथें पेटी फिरते, आणि पेटींत मोठी नोट टाकणारा मालक होतो.

येथें आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आपल्या लोकांनीं भोगून शिकलेली आहे. एका धनिकाची पोळी खाणारा इमाम धनिकाची टाळी वाजवील. सरकारची खाणारा सरकारची. तुर्कस्तानांत ३ मार्च १९२४ पासून मशिदी सरकारी खात्याखालीं आहेत. इमामास नियमित पगार, शिक्षण, पेन्शन सर्व आहे. पण शुक्रवारचा खुतबा खात्याकडून ठरून येतो. पश्चिम बंगालच्या सरकारनें २०१२ सालीं इमामांस दरमहा अडीच हजार जाहीर केले. पुढल्याच सालीं कलकत्त्याच्या हायकोर्टानें तें रद्द ठरविलें. आम्हांस ठीकच वाटलें, कारण करदात्याच्या पैशानें एका धर्माचा इमाम पोसला तर उद्यां दुसऱ्या धर्माचा पुजारी हात पुढें करील, आणि मतांच्या दिवशीं दोघेही फेडीला येतील. तेव्हां पोळी सबंध जमातीची असावी. घरटी दरमहा ठराविक रक्कम, लहान कां असेना. तिचा हिशेब मशिदीच्या भिंतीवर लावलेला. आणि इमामाची नेमणूक व रजा ही विश्वस्तांच्या खोलींत नव्हे, तर जमातीच्या उघड सभेंत. त्या सभेंत पिंजारी, तांबोळी, अत्तार, खाटीक, मोमीन या सर्वांचा हात वर झाला पाहिजे. मशिदींत एका रांगेंत उभें राहावयाचें आणि कारभार चालवितांना मात्र कोणाचें खानदान थोर हें विचारावयाचें, हा प्रकार आम्हीं पुष्कळ ठिकाणीं ऐकिला आहे. आमच्या घरची जातपात आम्ही जाणतों, म्हणून दुसऱ्याच्या घरची ओळखूं येते.

बायकांचा हातही वर व्हावा कीं नाहीं? मशिदींत बायकांस येऊं द्यावें म्हणून पुण्याच्या एका जोडप्यानें २०१९ सालीं सुप्रीम कोर्टांत अर्ज केला, तेव्हां मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानें पुढच्या जानेवारींत लिहून दिलें कीं, बायकांस मशिदींत येऊन नमाज पढण्यास धर्माची मनाई नाहीं. मग जिचा हुंडा, जिचा तलाक, जिचीं पोरें, तिनें इमामाचें बोलणें भिंतीपलीकडून कां ऐकावें? यावर अधिक लिहीत नाहीं; एक दिवस हा प्रश्न विचारणारी पत्रलेखिकाच आम्हांस लिहील.

आतां इमामानें करावें काय? नमाज तर त्यानें पढवावीच. परंतु आठवड्यांतून एकदां सबंध गांवचे पुरुष आपण होऊन, कोणी न बोलावितां, न जेवण देतां, अर्धा तास शांत बसून ज्याचें ऐकतात, असा दुसरा मनुष्य गांवांत कोण आहे? आमदाराला तेवढ्यासाठीं ट्रक पाठवावे लागतात. ही केवढी मोठी शाळा आहे! तिच्यांत काय शिकवावें हाच प्रश्न.

उत्तर प्रदेशांत २००२ सालीं पोलिओची मोठी सांथ आली. मुरादाबादकडील मुसलमान वस्त्यांत डोस पाजणाऱ्या बायकांच्या तोंडावर दारें बंद होत. डोस पाजला कीं पोर पुढें वांझ होतें, अशी अफवा होती. लोकांस मूर्ख म्हणणें सोपें आहे. पण आणीबाणींतली सक्तीची नसबंदी लोक विसरले नव्हते. गटार तुंबलेलें, पाण्याचा पत्ता नाहीं, दवाखाना नाहीं, आणि सरकार दारांत येतें तें फक्त दोन थेंब घेऊन. संशय यावा यांत नवल काय? भित्तीपत्रकांनीं तो गेला नाहीं. जेव्हां मशिदीच्या भोंग्यावरून इमामानें सांगितलें, इमामानें आपल्याच पोराला चारचौघांत डोस पाजला, तेव्हां दारें उघडूं लागलीं. सर्व श्रेय इमामांचें नव्हे. हजारों बायका उन्हातान्हांत घरोघर फिरल्या. परंतु जानेवारी २०११ मध्यें हावडा जिल्ह्यांत शेवटचा रोगी सांपडला आणि २७ मार्च २०१४ रोजीं देश पोलिओमुक्त ठरला, या कामांत इमामाच्या शब्दाचा वांटा आहे.

बांगला देशांत हेंच काम पद्धतशीर धरलें आहे. १९७९ पासून तेथें इमामांस पंचेचाळीस दिवसांचें शिक्षण देतात, आणि त्यांत धर्माबरोबर शेती, कोंबड्या, गुरें, मासे, झाडें लावणें आणि घरगुती औषधपाणी शिकवितात. तें सरकारी खर्चानें चालतें, तेव्हां वर लिहिलेला धोका तेथेंही आहेच. पण कल्पना घेण्यासारखी आहे. ज्या मनुष्याला फऱ्या रोगाची लस केव्हां टोंचावी हें ठाऊक आहे, त्याचें धर्मावरचें बोलणेंही शेतकरी जास्त मन लावून ऐकेल.

आणि तो बोलतो कोणत्या भाषेंत? खुतबा अरबींत, बयान जाड उर्दूंत, आणि ऐकणारा घरीं मराठी किंवा दखनी बोलतो. संस्कृत मंत्र न समजतां दक्षिणा देणाऱ्या आपल्या आजोबांहून हा फार वेगळा नाहीं. केरळांत याविषयीं मोठा झगडा झाला. तेथील सुधारक पक्षानें गेल्या शतकांतच खुतबा मलयाळींत सुरू केला. जुन्या पक्षानें अरबीच ठेविला, आणि आजही दोन्ही प्रकारच्या मशिदी तेथें जवळजवळ उभ्या आहेत. दोघांचीही नमाज बुडाली नाहीं. कोंकणांतला मुसलमान तर पिढ्यान्‌पिढ्या मराठीच्याच अंगाची बोली बोलत आला. त्याला त्याच्या आईच्या बोलींत धर्म सांगितला तर कोणाचें काय जाईल? जाईल तें फक्त न समजण्यांतलें भय.

येथवर आम्हीं इमामानें काय शिकावें हें लिहिलें. पण एक गोष्ट अशी आहे कीं, ती कोणत्याही मदरशांत शिकवीत नाहींत. २०१८ च्या मार्च अखेरीस पश्चिम बंगालांतील आसनसोल येथें रामनवमीच्या मिरवणुकीनंतर दंगा झाला. आसनसोल हें कोळशाचें व लोखंडाचें गांव, वस्ती मजुरांची. तेथील नूरानी मशिदीचे इमाम मौलाना इमदादुल रशिदी यांचा धाकटा मुलगा, वय सोळा, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेला, त्या गर्दींत नाहींसा झाला. पुढें त्याचें प्रेतच हातीं आलें. दफनाला हजारों लोक लोटले. तरुणांच्या मुठी वळलेल्या. अशा वेळीं कोणी एक शब्द उच्चारला असता तर किती घरें जळालीं असतीं तें सांगवत नाहीं. तेव्हां बाप पुढें उभा राहिला. ईश्वरानें जेवढें आयुष्य दिलें तेवढें माझें लेंकरूं जगलें, असें तो म्हणाला. माझ्यावर तुमचा जीव असेल तर कोणावर बोट उचलूं नका; उचललेंत तर ही मशीद आणि हें गांव सोडून मी निघून जाईन. जमाव परत फिरला. पोलिसांस त्यांनीं कोणाचें नांवही दिलें नाहीं, कारण मारतांना आपण डोळ्यांनीं कोणास पाहिलें नव्हतें.

आमच्या वाचकांनीं एका शब्दाकडे लक्ष द्यावें: निघून जाईन. ही धमकी कोणाच्या तोंडीं शोभते? रशिदी त्या मशिदींत तीसएक वर्षें इमाम होते. जमलेल्यांतल्या कितीकांना त्यांनींच अक्षरें शिकविलीं असतील, कितीकांचे निके लाविले असतील. त्यांच्या जाण्याला किंमत होती म्हणून त्यांच्या शब्दाला किंमत आली. विश्वस्तांची मर्जी फिरली कीं गाठोडें बांधणारा इमाम, गेल्याच महिन्यांत नवा आलेला, मुलांचीं नांवेंही ठाऊक नसलेला, तेथें उभा असता तर? त्यानें तीच वाक्यें म्हटलीं असतीं तरी कोणीं ऐकिलें असतें काय? गांवावर वाईट वेळ येते तेव्हां असा मनुष्य बाजारांत विकत मिळत नाहीं. तो वीस-तीस वर्षें सांभाळून ठेवावा लागतो. पत्रलेखकाच्या गांवानें नऊ वर्षांची शिल्लक एका जेवणावळीच्या रागापायीं स्टँडवर नेऊन टाकिली, असें आम्हांस वाटतें.

इमामानेंही एक पथ्य पाळलें पाहिजे, तें सांगावयास आम्ही भीत नाहीं. त्यानें मतांची दलाली करूं नये. निवडणुकींत अमक्याला मत द्या म्हणून मिंबरावरून सांगणारा इमाम दुसऱ्या दिवशीं त्या उमेदवाराच्या मोटारींत दिसतो, आणि मग हुंड्यावरचें त्याचें बोलणेंही लोक मोटारीच्या भावानें मोजतात. तसेंच घरगुती तंट्यांत त्यानें समजूत घालावी, न्यायाधीश होऊं नये. तोंडी तीन तलाक सुप्रीम कोर्टानें २०१७ सालीं रद्द केला आणि २०१९ च्या कायद्यानें तो गुन्हा ठरला. अजून कोणी इमाम त्यावर शिक्का मारीत असेल तर तो आपल्या जमातीस तुरुंगाच्या वाटेला लावीत आहे.

पत्रलेखकांस आमचें उत्तर असें. इमामानें लग्नाच्या खर्चावर बोलणें हें त्याचें कामच होतें. नांव घेऊन कोणाची अब्रू काढली असेल तर तेवढी चूक, पण आपल्या पत्रावरून त्यानें नांव घेतलेलें दिसत नाहीं. जमातीची सभा बोलवा. तींत दोनच गोष्टी मागा. पहिली, नव्या इमामास लेखी नेमणूक द्यावी, आणि तींत किती महिन्यांची आगाऊ सूचना देऊन रजा देतां येईल तें लिहावें. दुसरी, मशिदीचा हिशेब. मशीद वक्फकडे नोंदलेली असेल तर १९९५ च्या कायद्याप्रमाणें मुतवल्लीस दरसालचा हिशेब मंडळास द्यावा लागतो. २०२५ सालीं कायदा पुष्कळ बदलला, पण हिशेब चुकलेला नाहीं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असेल तर तेथेंही हिशेब तपासून द्यावा लागतो. जुन्या इमामास परत बोलवावयाचें कीं नाहीं हें जमातीनें ठरवावें. तो येईल कीं नाहीं हें त्यानें.

पत्रांत शेवटीं लिहिलें आहे कीं, सकाळचा मुलांचा वर्ग तीन आठवडे बंद आहे, आणि चाळीस पोरें गल्लींत हिंडत आहेत. सभा होईपर्यंत गांवांतली कोणी मॅट्रिक झालेली मुलगी तो वर्ग घेऊं शकेल काय? घेत असल्यास तेवढें पत्रानें कळवावें. पाट्या-पुस्तकांची व्यवस्था आम्ही येथून करूं.